स्पर्शाला तिकीट, पण जबाबदारी कोणाची?

शिरड शहापूर (जि. हिंगोली) : औंढा नागनाथच्या ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन शहरातील कुटुंबे शिरड शहापूरच्या मल्लिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्राकडे वळतात, तेव्हा मोठ्यांचे लक्ष मंदिराच्या शिखराकडे असते आणि मुलांचे रस्त्याकडेच्या गोठ्याकडे. दावणीला बांधलेली लाल कंधारी गाय, कडब्यात तोंड खुपसलेले वासरू, अंगणात उड्या मारणारी करडे हे दृश्य शहरी मुलाला कोणत्याही प्राणिसंग्रहालयाहून अधिक मोहविते. पिंजऱ्यातील वाघ पाहायचा असतो; करडाला मात्र हात लावता येतो. औंढा तालुक्यातील या गावाच्या शिवारात त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. गोठ्याच्या मालकाची परवानगी पुरते.

शहरांच्या परिसरात मात्र हाच अनुभव आता विकत मिळतो. ससे, शेळ्या, बदके, टर्की, पोनी आणि परदेशी पक्षी एका आवारात ठेवून मुलांना त्यांना कुरवाळू देणाऱ्या, चारा भरवू देणाऱ्या छोट्या बागा आणि शेतघरे हा शनिवार-रविवारच्या सहलीचा एक ठरलेला भाग झाला आहे. शाळांच्या सहलीही तेथे जातात. यात गैर काही नाही; उलट, दूध पिशवीतून येते असे मानणाऱ्या पिढीला गाय दिसणे आवश्यकच आहे. प्रश्न वेगळा आहे. गोठ्यात मुलाच्या हाताबरोबर घरातील जाणत्या माणसाची नजरही असे. तिकिटाच्या बागेत हात तेवढा उरला आहे. त्या नजरेची जागा कोणी घ्यायची, हे ना कायद्याने नीट ठरविले आहे, ना प्रशासनाने, ना पालकांनी.

गोठा रिकामा होताना

या बागांना मागणी का आली, याचे उत्तर खेड्यातच आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील गायींची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढून १४.५१ कोटींवर गेली. त्याच काळात बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. देशी गोवंशही सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. नांगरट आणि वाहतुकीचे काम ट्रॅक्टरकडे गेले आणि बैल परवडेनासा झाला. कंधारची लाल कंधारी आणि लातूर-उदगीर पट्ट्यातील देवणी या मराठवाड्याच्या स्वतःच्या जाती. त्यांतील लाल कंधारीची ओळखच ओढकामाच्या बैलावर उभी होती. पोळ्याला ज्या घरांच्या दारात बैलजोडी उभी राहत असे, त्यातील अनेक घरांत आज मातीच्या बैलांची पूजा होते.

म्हणजे खेड्यातील मुलाच्याही अंगणातून जनावर हलू लागले आहे. शहरात गेलेल्या पिढीच्या मुलांना सुटीत जायला मामाचे गाव आहे, पण मामाच्या गोठ्यात जनावर असेलच असे नाही. ही पोकळी कृषी पर्यटनाने भरून काढली. बारामतीजवळच्या पळशीवाडीत २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रयोगाने शेत हेच पर्यटनस्थळ होऊ शकते हे दाखवून दिले. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची वाट मोकळी झाली. बैलगाडीची फेरी, गाईची धार काढणे, शेळीला पाला खाऊ घालणे हे या केंद्रांचे हमखास आकर्षण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला यातून चार पैसे मिळत असतील, तर त्याचे स्वागतच करायला हवे.

सरकारी प्राणिसंग्रहालयांची उलटी वाट

विशेष म्हणजे ज्या काळात खासगी बागा मुलांना प्राण्यांच्या जवळ नेत होत्या, त्याच काळात सार्वजनिक प्राणिसंग्रहालये त्यांना दूर नेत होती. मुंबईच्या राणीच्या बागेत हत्तीवर बसून फेरी मारल्याची आठवण सांगणारी पिढी आज आजी-आजोबांची आहे. पुण्याच्या पेशवे पार्कातील प्राणी १९९९ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले, ते मोठे खंदक आणि अंतर राखून उभारलेल्या आवारात. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले आणि त्याने प्राण्यांच्या जागेचे, आहाराचे, वैद्यकीय देखभालीचे निकष घालून दिले. नोव्हेंबर २००९ मध्ये तर या प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवूच नयेत, असा निर्णय घेतला. राणीच्या बागेत २०१६ मध्ये आलेले पेंग्विन काचेपलीकडेच पाहावे लागतात.

दारावर येणारे प्राणीही गेले. मराठवाड्याच्या गावागावांतून अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी, माकडवाले आणि गारुडी हे एके काळी मुलांचे फिरते प्राणिसंग्रहालय होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर केंद्राने १९९८ च्या अधिसूचनेने घातलेली बंदी यांमुळे हा प्रकार कायद्याबाहेर गेला. त्या अस्वलाच्या नाकातील वेसण पाहिलेल्या कोणालाही या बंदीबद्दल खेद वाटणार नाही. मात्र मुलांची जनावराला हात लावण्याची ओढ बंदीने संपत नाही. ती दुसरीकडे वळते, आणि ती जिकडे वळली तिकडे देखरेख सर्वांत तोकडी आहे.

कायद्याची फट

वन्यजीव कायद्यानुसार ‘प्राणिसंग्रहालय’ ठरते ते त्या कायद्याच्या अनुसूचींतील प्राणी लोकांना दाखविण्यासाठी ठेवणारे ठिकाण. शेळी, गाय, कोंबडी, पाळीव ससा हे प्राणी त्यात येत नाहीत. त्यामुळे केवळ घरगुती जनावरे ठेवणाऱ्या बागेला प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागत नाही आणि त्याचे निकषही तिला लागू होत नाहीत. विरोधाभास असा, की मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात प्राण्याला खाऊ घालणे किंवा डिवचणे हा गुन्हा आहे. छोट्या बागेत प्राण्याला खाऊ घालणे हाच व्यवसाय आहे.

अशा बागांना लागू होतो तो मुख्यतः प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६०. त्याचे कलम ३ प्राणी ताब्यात असलेल्या प्रत्येकावर त्याच्या हिताची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकते. परंतु कलम ११ खालील क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हुरड्याच्या एका ताटालाही याहून अधिक पैसे पडतात. तिकीट लावून प्राण्यांचे खेळ करायचे असतील, तर याच कायद्याखाली २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पण ससा मांडीवर देणे हा ‘खेळ’ मानायचा की नाही, असा प्रश्न आला की नियमांचा अर्थ लावणे सुरू होते आणि जबाबदारी एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे ढकलण्यास वाव मिळतो.

परदेशी प्राण्यांच्या बाबतीत चित्र अलीकडे थोडे स्पष्ट झाले आहे. मकाव, आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथन अशा आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील जातींची नोंदणी वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आणि त्याखालील २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली. आपल्याकडील हिरवा पोपट, ताऱ्यांचे कासव आणि रानससा तर मुळातच संरक्षित आहेत. पिंजऱ्यातील मिठू मुलांना दाखविणाऱ्या बागेचा मालक कायदा मोडत असतो, आणि तो मिठू पाहून टाळ्या पिटणाऱ्या पालकांना त्याची कल्पनाही नसते.

हात धुण्याचा साधा प्रश्न

या विषयात सर्वांत मोठा धोका दात-नखांचा नाही, तर न दिसणाऱ्या जंतूंचा आहे. ई. कोलाय ओ १५७ हा जंतू गाय, शेळी, मेंढी यांच्या आतड्यांत त्यांना कोणताही आजार न होता राहतो. शेण लागलेल्या अंगाला, कुंपणाला, बुटाला हात लागून तो तोंडात गेला, तर लहान मुलाला रक्ती जुलाब होतात आणि काहींची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या गॉडस्टोन फार्म या मुलांच्या आवडत्या शेतावर २००९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ९३ जणांना ही बाधा झाली. त्यात बहुतांश लहान मुले होती. चौकशी समितीने २०१० मधील अहवालात आरोग्य यंत्रणेच्या दिरंगाईवर बोट ठेवले, आणि २०१२ मध्ये तेथील व्यवसायासाठी आचारसंहिता तयार झाली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या जत्रेत २००४ मध्ये असाच उद्रेक होऊन १०८ जण आजारी पडले, पैकी १५ जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. त्या राज्याने पुढच्याच वर्षी कायदा करून जत्रेतील अशा प्रदर्शनांना परवाना सक्तीचा केला.

दोन्ही ठिकाणची जनावरे आजारी दिसत नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. डोळ्यांनी पाहून धोका ओळखता येत नाही. उपाय मात्र अगदी साधा आहे: वाहते पाणी, साबण आणि खाण्यापूर्वी हात धुण्याची सक्ती. शेण-माती लागलेल्या हातावर नुसते जंतुनाशक द्रव चोळणे पुरेसे नाही. खाण्याची जागा जनावरांपासून वेगळी हवी. पाच वर्षांखालील मुलांना या आजाराची बाधा अधिक गंभीर होते, त्यामुळे त्यांच्याकडे विशेष लक्ष हवे. बोट चोखणारे मूल आणि तोंडात जाणारे खेळणे गोठ्याबाहेरच राहिलेले बरे.

‘धारोष्ण दूध’ हा कृषी पर्यटनातील आणखी एक लाडका शब्द. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा रोग माणसाला होऊ शकतो, जनावरांत जो सांसर्गिक गर्भपात म्हणून ओळखला जातो. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना लस देण्याची तरतूद आहे. मुलांना धार काढू द्यावी, पण पेल्यातले दूध उकळलेलेच असावे.

पक्ष्यांबाबत तर मराठवाड्याला वेगळा धडा नको. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले; मग एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्युमुखी पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचाच विषाणू आढळला. प्रशिक्षित पशुवैद्यक हाताशी असलेल्या केंद्रातही रोग शिरू शकतो, तर बदके, टर्की, कोंबड्या एकाच जाळीत ठेवणाऱ्या आणि दर आठवड्याला नव्या मुलांचा घोळका आत सोडणाऱ्या बागेने किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

जनावराची बाजू

मुलांच्या आरोग्याइतकाच प्रश्न ज्याला हात लावला जातो त्याचाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख करून ती १९६० च्या कायद्याच्या कलम ३ आणि ११ मध्ये अनुस्यूत असल्याचे म्हटले होते. भूक-तहान, गैरसोय, वेदना-रोग आणि भीती यांपासून मुक्तता व स्वाभाविक वर्तनाची मुभा ही ती पाच. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्या मान्य केल्याने शर्यती पुन्हा सुरू झाल्या. तरीही ही पाच तत्त्वे कोणत्याही बागेची परीक्षा घेण्यास उपयोगी पडतात.

भीतीचेच उदाहरण घेऊ. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. वरून येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो. तो मांडीवर गप्प बसतो ते प्रेमाने नव्हे, बहुधा घाबरून. कान धरून उचलल्याने त्याला वेदना होतात आणि हातातून निसटताना मणका दुखावू शकतो. कोंबडीची पिल्ले, जत्रांत विकली जाणारी ती रंगवलेली पिल्लेदेखील, मुलांच्या मुठीत गुदमरतात. शेळीचे तसे नाही. ती धीट असते, स्वतःहून जवळ येते, कंटाळली की निघून जाते. म्हणूनच बागेची गुणवत्ता ओळखण्याची एक सोपी खूण आहे: जनावराला नको असेल तेव्हा मुलांच्या हातापासून दूर जाता येते का? शेळीला आडोसा आहे का, सशाला बीळ किंवा खोके आहे का, आणि तेथून त्याला ओढून बाहेर काढले जात नाही ना?

गर्दीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच करडाला शंभर हात लागत असतील, तर त्याला विश्रांतीची पाळी हवी. पाहुण्यांनी विकत घेतलेला चारा दिवसभर पोटात गेल्यास पोट फुगते, विशेषतः धान्य किंवा पोळी-भाकरी जास्त झाली तर रवंथ करणाऱ्या जनावराला आम्लता होऊन ते दगावू शकते. ही गोष्ट शिरड शहापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. शहराजवळच्या बागेत तिकीट फाडणाऱ्याला ती ठाऊक असेलच असे नाही.

शेतकऱ्याच्या हिताचेच नियम

नियम म्हटले की परवाने, खेटे आणि चिरीमिरी यांची आठवण होऊन शेतकरी बिचकतो, आणि त्यात त्याची चूक नाही. प्राणिसंग्रहालयाचे निकष दोन गाई आणि चार शेळ्यांच्या शेतघराला लावले, तर ते उद्याच बंद पडेल आणि बांधकाम व्यावसायिकाच्या पैशावर उभी राहिलेली मोठी बाग तेवढी टिकेल. तसे होता कामा नये. परंतु एखाद्या ठिकाणी मुले आजारी पडली, तर बदनामी त्या एका शेताची होत नाही, सगळ्या व्यवसायाची होते. किमान शिस्त ही म्हणूनच शेतकऱ्याच्या संरक्षणाचीही बाब आहे.

त्यासाठी नवे प्राधिकरण नको. कृषी पर्यटन केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होतेच. पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने तालुक्यापर्यंत पोहोचलेले आहेत. या दोन खात्यांनी मिळून एका पानाची तपासणी सूची ठरविली तरी बरेच साधेल. जनावरांच्या लसीकरणाची नोंद, पशुवैद्यकाची ठरावीक काळाने भेट, बाहेर पडण्याच्या वाटेवर नळ आणि साबण, खाण्याची स्वतंत्र जागा, जनावराला माघार घेण्यास आडोसा, आणि संरक्षित वन्यप्राणी नसल्याची खातरजमा एवढे त्यात असले तरी पुरे. यातील एकही बाब छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची नाही. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. बागेत मुलांबरोबर उभे राहणाऱ्या तरुणांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देणे या संस्थांना जड नाही. गावातील तरुणाला त्यातून रोजगारही मिळेल.

शाळांनी सहल ठरविण्यापूर्वी हीच सूची हाती घेतली, तर बाजार आपोआप सुधारेल. पालकांनीही तिकिटाच्या खिडकीवर तीन प्रश्न विचारावेत: हात कोठे धुवायचे, जनावर दमले तर कोठे जाते, आणि चावा किंवा ओरखडा बसला तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हळद लावतो’ असे आले, तर परत फिरावे. हळदीचा हा सुपीक पट्टा असला, तरी कुत्रा-मांजराच्या चाव्यावर उपाय एकच आहे: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी रेबीजविरोधी लशीसाठी दवाखाना गाठणे.

गोठ्यातील नियम कोठे लिहिलेले नव्हते. मागून जाऊ नको, लाथ बसेल; नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला शिवू नको; हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नको; आता पुरे, तिला रवंथ करू दे. आजी हे सहज सांगत असे आणि मूल ते आयुष्यभर विसरत नसे. त्यातच आरोग्य होते, प्राण्याविषयीची कणव होती आणि जनावराचे शास्त्रही होते. शिरड शहापूरच्या गोठ्यात आजही ते फुकट मिळते. शहराजवळच्या बागेत मुलाच्या हाताला करडाचा मऊ स्पर्श मिळतो, पण त्या चार सूचना देणारे कोणी असतेच असे नाही. तिकिटाचे पैसे घेणाऱ्याने आजीची ती जागा भरली पाहिजे. आणि ती भरली जाते की नाही हे पाहणे शासनाचे काम आहे. तोवर पालकांनी मुलाचा हात करडाच्या पाठीवर ठेवावा, पण आपली नजर त्या दोघांवरून हलू देऊ नये.